मिळाल्याची सही

निरुपमाने एकोणीस वर्षं डूख धरला होता आणि तो कोणाच्या लक्षातही आला नव्हता. येणार कसा? बाई दिसायला अगदी गोगलगाय. रोज सकाळी बडोद्याच्या समा भागातून स्कूटरवर रावपुऱ्यातल्या कचेरीत यायची, पर्स खणात, चष्मा नाकावर, की चिकटली आवक-जावकच्या टेबलाला. बाहेरून आलेला कागद आवक रजिस्टरात, बाहेर जाणारा जावकमध्ये. तारीख, क्रमांक, कोणाकडून, कोणाला, आणि अगदी शेवटच्या रकान्यात मिळाल्याची सही. तेहतीस वर्षं हेच. साहेब आले, साहेब गेले, निरुपमाबेन तिथल्या तिथे. शिपाई म्हणायचे, गाय आहे बिचारी. अहो, गाय कसली! गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते काय उगाच?

तिचा राग एकाच माणसावर होता. गजेंद्रराव.

गजेंद्रराव म्हणजे बडोद्यातलं जुनं घराणं. आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि ही गोष्ट पाच मिनिटांच्या गप्पांत तीनदा ऐकवल्याशिवाय त्याला चहा गोड लागायचा नाही. निरुपमाच्या खात्यात तो सेक्शनचा मुख्य होता. सही करायचा मोडीत. खिशातून शाईचं पेन काढायचं, टोपण सावकाश फिरवायचं आणि कागदावर लफ्फेदार मोडी उमटवायची. गुजराती कारकून तोंडभर म्हणायचे, "वाह साहेब, शुं सही छे!" आणि हा फुगायचा. "आमच्या आजोबांची लिपी. आता बडोद्यात मोडी वाचणारं राहिलंय कोण?"

एक होती. त्याच्या खोलीपासून वीस पावलांवर बसलेली. निरुपमाचे वडील मोहनराव जुन्या दफ्तरखान्यात कागद सांभाळण्यात आयुष्य घालवून निवृत्त झाले होते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत पोरीला समोर बसवून, हातात बोरू देऊन त्यांनी मोडी शिकवली होती. पण आवक-जावकच्या कारकून बाईला मोडी येत असेल, हे गजेंद्ररावाच्या गावीही नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. बाई, हे पाठव. बाई, ते आण. यापलीकडे त्याचं तिच्याशी बोलणं नव्हतं.

मोहनराव रोज संध्याकाळी लेक भेटायला आली की एकच विचारायचे, "आज किती कागद गेले, निरू?" ती आकडा सांगायची. ते मान डोलवायचे. दुसऱ्या बापांना पोरगी जेवली का याची काळजी; या बापाला कागदांची. आणि तिला ते आवडायचं.

मग २००६ साल उजाडलं. समाच्या एका सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर एका बिल्डरचा डोळा होता. कॉमन प्लॉट म्हणजे सगळ्यांच्या मालकीची मोकळी जागा. रहिवाशांनी हरकत घेतली, नकाशे जोडले, ऐंशी जणांनी सह्या केल्या. ती फाईल निरुपमाच्या खात्यातून रस्त्यापलीकडच्या मोजणीखात्यात अभिप्रायासाठी गेली, आणि गेली ती गेलीच. रहिवासी विचारायला आले तेव्हा मोजणीखात्याने दोन ओळींचं पत्र दिलं: फाईल अमुक तारखेला तुमच्या खात्याला हातोहात परत दिली आहे, मिळाल्याची सही घेतली आहे.

आता फाईल परत आली तर ती घेणार कोण? आवक-जावकचं टेबल. म्हणजे निरुपमा.

"मी घेतली नाही," ती म्हणाली. "ती सही मला दाखवा."

मोजणीखातं म्हणालं, आमचं रजिस्टर दुसऱ्या खात्याच्या कारकुनाला दाखवता येत नाही, तुमच्या साहेबांमार्फत या. साहेब कोण? गजेंद्रराव. चौकशी कोणाकडे? गजेंद्ररावाकडे. तो रस्ता ओलांडून गेला, तासाभराने परत आला आणि अहवालात लिहिलं: सही अवाचनीय आहे, तथापि ती निरुपमाबेन यांचीच दिसते. तिच्या सर्व्हिस बुकात लाल शाईने शेरा चढला. निष्काळजीपणामुळे महत्त्वाची फाईल गहाळ. बढती गेली ती कायमची. कॉमन प्लॉटवर सहा महिन्यांत दुकानांची रांग उभी राहिली. निरुपमाचा कचेरीचा रस्ता त्या दुकानांवरूनच जायचा. रोज जाताना एकदा, येताना एकदा, एकोणीस वर्षं.

पण खरं दुखणं ते नव्हतंच. त्या दिवशी मेमो घेऊन ती वडिलांकडे गेली. मोहनरावांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सही कोणाची आहे?"

"मला दाखवतच नाहीत, बाबा."

त्यांनी मेमोची घडी घालून तो तिच्या हातात परत दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळनंतर त्यांनी 'आज किती कागद गेले' हे विचारणं सोडलं. दोन वर्षांनी ते गेले. लेकीवर त्यांचा विश्वास होता की नव्हता, हे तिला कधीच कळलं नाही. तो प्रश्न बंद झाला एवढंच तिला माहीत होतं, आणि तो गजेंद्ररावाने बंद केला होता. माफ करायचं म्हणे! कशाला?

तिने माहितीच्या अधिकारात दोनदा अर्ज केले. उत्तर आलं, रजिस्टर जुन्या गठ्ठ्यांत आहे, शोध चालू आहे. गजेंद्रराव हार घालून, नारळ घेऊन निवृत्त झाला. निरुपमाचा नवरा रमाकांत रिफायनरीतला शांत माणूस. तो म्हणायचा, "जाऊ दे ने आता. काय मिळणार आहे?" ती म्हणायची, "ज्यांना जाऊ द्यायचं त्यांनी जाऊ द्यावं." आणि पोळ्या लाटायची. त्या पोळ्या जरा जास्तच पातळ व्हायच्या.

निवृत्तीला सात महिने उरले असताना सरकारने नवीन घाट घातला. नऊ खात्यांनी नऊ तऱ्हेची नऊ सॉफ्टवेअरं चालवायची, एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही, आणि नागरिकाने तोच दाखला नऊ ठिकाणी द्यायचा, हे बंद. सगळ्यांचा मिळून एकच पाया. फाईलला एकच क्रमांक, मग ती कोणत्याही खात्यात जावो. एका ठिकाणी चढलेला कागद सगळ्यांना दिसणार. कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर काय जातं याचा आधी नकाशा काढायचा आणि जुनी आवक-जावक रजिस्टरं स्कॅन करून त्याला जोडायची. त्यासाठी प्रत्येक खात्याने आपला एक जुना कारकून द्यायचा होता. निरुपमाच्या खात्याने तिला देऊन टाकलं. जाणारच आहे, जाऊ दे.

प्रकल्पाची प्रमुख होती अवंती, पस्तिशीची, बोलायला तडतडी, कामाला वाघीण. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांची ओळख करून दिली आणि शेवटी म्हणाली, "आणि हे आपले सल्लागार."

पांढरा शर्ट, खिशाला तेच शाईचं पेन. सत्तरीतही ताठ. गजेंद्रराव.

उभा राहून त्याने अर्धा तास भाषण ठोकलं. खात्याखात्यांमधल्या भिंती पाडल्या पाहिजेत. माहिती लपवण्याची वृत्ती गेली पाहिजे. पारदर्शकता, पारदर्शकता आणि पारदर्शकता. निरुपमाने खाली मान घालून ऐकलं. ज्या भिंतीआड हा माणूस एकोणीस वर्षं लपला, तीच पाडायला हाच कुदळ घेऊन आला होता. करून करून भागला आणि देवपूजेला लागला! त्याने तिला ओळखलं, लांबूनच मान हलवली. "केम, बाई, अजून आहात?"

"आहे ने, साहेब."

अडचण एकच होती. स्कॅनिंग २०१० पासूनच करायचं ठरलं होतं. निरुपमा तीन दिवस गप्प बसली. चौथ्या दिवशी अवंतीच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "बेन, जमिनीचे दावे २०१० ला सुरू होत नाहीत. समाच्या कॉमन प्लॉटचा दावा आजही कोर्टात आहे, कागद २००६ चे आहेत. पाच वर्षं मागे जा. नाहीतर उद्या कोर्ट विचारेल आणि तुमच्या नकाशात भोक निघेल."

अवंतीला पटलं. मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा मात्र गजेंद्रराव एकदम तापला. "जुनं कशाला उकरायचं? कागद कुजलेत, शाई उडालीय. वेळेचा नुसता अपव्यय!" खाई त्याला खवखवे. निरुपमाने वहीत नुसती एक रेघ मारली. अवंती म्हणाली, "कुजलेत म्हणूनच आधी स्कॅन करू या," आणि विषय संपला.

मोजणीखात्याचे गठ्ठे सुटायला सहा आठवडे लागले. एका मंगळवारी दुपारी निरुपमाने स्क्रीनवर फाईलचा जुना क्रमांक टाकला. तो तिला पाठ होता, स्वतःच्या जन्मतारखेसारखा. दोन पानं उघडली. डावीकडे तिचं स्वतःचं जावक रजिस्टर, तिच्या गोल अक्षरातली नोंद. उजवीकडे मोजणीखात्याचं जावक रजिस्टर. ही दोन पानं एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशेजारी आली होती. उजव्या पानाच्या शेवटच्या रकान्यात, मिळाल्याची सही. स्कॅन करणाऱ्याने खाली टीप टाकली होती: अवाचनीय.

अवाचनीय म्हणे! तिने ती एका नजरेत वाचली. गजेंद्र. तोच लफ्फा. मेल्याने फाईल स्वतःच्या हाताने घेतली होती, आणि सवयीने सहीसुद्धा ठोकून आला होता. कोण वाचतंय मोडी! ती उठली, नळाखाली हात धरला, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन पुढचा क्रमांक टाकला. त्या दिवशी तिने एकशे बेचाळीस नोंदी जुळवल्या आणि कोणाला चकार शब्द सांगितला नाही.

लगेच ओरडली असती तर काय झालं असतं? पुन्हा चौकशी, पुन्हा समिती, आणि हा म्हणाला असता, ती सही माझी नव्हेच. सल्लागार झाल्यापासून त्याची सही कागदावर पडतच नव्हती. सगळं ओटीपीवर आणि अंगठ्यावर. तिला ती पेनाने हवी होती, आजच्या तारखेची, सगळ्यांसमोर. ती थांबली. एकोणीस वर्षं थांबलेल्या बाईला आणखी पाच आठवडे म्हणजे काय? तिकडे गजेंद्ररावालाही वाटलं, गठ्ठे उघडले, काही झालं नाही, गंगेत घोडं न्हालं.

गांधीनगरहून मोठे साहेब काम बघायला येणार होते. अवंती म्हणाली, "निरुपमाबेन, मला एक जुनी फाईल द्या, दोन-तीन खात्यांतून फिरलेली. तिचा सगळा प्रवास पडद्यावर दाखवू."

"देते ने."

"आणि हजेरीचा कागद दारात तुम्हीच धरा. तोही तिथल्या तिथे स्कॅन करून दाखवू, की एका मिनिटात नऊ खात्यांना कसा दिसतो."

निरुपमाने मनात देवाला हात जोडले.

सकाळी अकराला ती दारात कागद घेऊन उभी राहिली. सगळे बॉलपेनने भराभर सह्या करत आत गेले. गजेंद्रराव आला, तिने स्वतःचं पेन पुढे केलं, तर त्याने ते बाजूला सारलं. "माझं आहे." टोपण सावकाश फिरलं. मोठे साहेब शेजारीच उभे होते, मग काय विचारता! नेहमीपेक्षा दीडपट लफ्फा. "आमच्या आजोबांची लिपी, साहेब. मोडी." साहेबांनी कौतुकाने बघितलं. निरुपमानेही बघितलं.

आत अवंतीने आधी हजेरीचा कागद चढवून दाखवला. मग फाईल उघडली. निरुपमाच्या खात्यातून निघाली, मोजणीखात्यात पोचली, हातोहात परत दिली गेली, आणि तिथे वाट संपली. "इथे बघा, सही घेतलीय पण ती वाचता येत नाही. जुन्या पद्धतीत माणूस सापडत नाही, तो असा."

आणि पहिल्या रांगेतून गजेंद्रराव बोलला. त्याला क्रमांक आठवत नसेल, की पडदा नीट दिसत नसेल, की अंगात मुरलेली सवय, देव जाणे. म्हणाला, "अगदी बरोबर! म्हणून तर डिजिटल सही हवी. असल्या गिचमिड सह्यांच्या आड किती चोर सुटले असतील!"

घ्या. चोराच्या उलट्या बोंबा.

निरुपमा उभी राहिली. आवाज स्वच्छ निघाला. "ती वाचता येते. मोडी आहे. तिथे गजेंद्र असं लिहिलंय." मग अवंतीला म्हणाली, "बेन, हजेरीचा कागद शेजारी उघडा. सहावी सही."

पडद्यावर दोन सह्या शेजारी शेजारी आल्या. एक एकोणीस वर्षांपूर्वीची, एक चाळीस मिनिटांपूर्वीची. मोडी येण्याची गरजच नव्हती, डोळे असले की पुरे. मोठ्या साहेबांनी चष्मा वर केला. "गजेंद्रभाई, आ तमारी ज सही छे ने?"

गजेंद्रराव म्हणाला, खूप वर्षं झाली. मग म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, अनेक फाईली असतात. तीन वाक्यांत तीन वेळा बुडाला. साहेबांनी चौकशी लावली आणि निरुपमाबेनना दोन दिवसांत लेखी निवेदन द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या टेबलाशी आला. आयुष्यात पहिल्यांदा. हातात भाखरवडीचा पुडा.

"निरुपमाताई," तो म्हणाला. इतकी वर्षं बाई होती, आज ताई झाली. "आपली माणसं ना आपण? बडोद्यात मराठी घरं उरली किती! रविवारी आपल्या मराठी मंडळात माझा सत्कार आहे. तुम्ही निवेदनात एवढंच लिहा, सही तशी वाटते, पण खात्री नाही. लाल शेरा मी पुसून देतो. शब्द देतो."

"आधी तुम्ही लिहून द्या."

"काय?"

"फाईल मी घेतली. निरुपमाने हरवली नाही. एवढंच." तिने कोरा कागद सरकवला. "मोडीत लिहा. माझ्या वडिलांसाठी हवंय. त्यांना मोडीची सवय."

त्याने पेन काढलं. टोपण फिरवलं. कागदावर टेकवलं, उचललं, परत टेकवलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. कपाळावर घाम आला, आणि निरुपमाला एकदम उमगलं. या माणसाला मोडी येतच नव्हती! आजोबांची लिपी, आजोबांची लिपी म्हणून छाती फुगवणाऱ्याला स्वतःच्या नावापलीकडे एक अक्षर येत नव्हतं. सहीपुरती घोकली होती.

"येत नाही होय?" ती म्हणाली. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच भीती वाटली. "असू दे. मी काढून देते, तुम्ही खाली गिरवा."

तिने वर दोन ओळी लिहिल्या, वडिलांनी शिकवलेल्या वळणाने. आणि तो सत्तर वर्षांचा मोठ्या घराण्यातला माणूस तिच्या टेबलाच्या कडेला वाकून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर गिरवत बसला. एक चुकलं. "पुन्हा काढा," ती म्हणाली. त्याने पुन्हा काढलं. शिपाई येऊन बघून गेले. खाली त्याने सही केली, ती तेवढी झोकात आली.

"आता तुमचं निवेदन?" त्याने विचारलं.

"ते काल संध्याकाळीच चढवलं, साहेब. खात्रीने लिहिलंय. नऊ खात्यांना दिसतंय. आता ते परत येत नाही, तुम्हीच भिंती पाडल्यात ना?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "फसवलंस तू मला."

"हो. लिहून देऊ? मोडीत देऊ की बाळबोधीत?"

तो गेला. भाखरवडीचा पुडा तिथेच राहिला. तिने तो शिपायांना देऊन टाकला. रविवारी मंडळात सत्कार झाला नाही. रमाकांत म्हणाला, म्हाताऱ्याला एवढं नको होतं करायला. निरुपमा म्हणाली, कमीच झालं.

पुढे काही महिन्यांनी चौकशी संपली आणि तिच्या शेवटच्या दिवशी लाल शेरा रद्द झाल्याचा आदेश स्क्रीनवर आला. कागदी रजिस्टरंही त्याच दिवशी बंद होणार होती. संध्याकाळी सहाला तिने जावक रजिस्टर उघडलं. ते गिरवलेलं पान पाकिटात घातलं, त्यावर क्रमांक टाकला आणि शेवटची नोंद केली. तारीख. विषय: फाईल हरवली नसल्याबाबत. कोणाला: मोहनराव, दफ्तरखाना. आज किती कागद गेले, निरू? एक गेला, बाबा.

मग तिने पेन शेवटच्या रकान्याकडे नेलं. मिळाल्याची सही. तो रकाना तसाच मोकळा ठेवून तिने रजिस्टर मिटलं.